दोनदा पडला तरी सुवर्णपदक? फिगर स्केटिंगचे गुण कोणी समजावेल का

जुळेसोलापूरकर
मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल, पण घरात तीन दिवस यावरून वाद चाललाय म्हणून धागा काढतोय.

लेक दहा वर्षांची. सुट्टीत विजापूर रोडकडच्या एका उन्हाळी शिबिरात तिला चाकांचं स्केटिंग शिकायला घातलंय. सकाळी साडेसहा ते आठ, कारण त्यानंतर फरशी तव्यासारखी तापते. काल पारा ४३ वर होता. दुपारभर पडदे ओढून, कूलर लावून ती मोबाईलवर बर्फावरचं स्केटिंग बघत बसते. त्यात तिला २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकचा व्हिडिओ सापडला. जपानचा युझुरू हान्यू. पहिल्याच उडीला आपटला. पुढं आणखी एकदा पडला. आणि सुवर्णपदक त्यालाच!

लेकीचा सवाल सरळ आहे. "आमच्यात पडलं की बाद. ह्याचा पहिला नंबर कसा?" मी ठोकून दिलं की बाकीचे जास्त पडले असतील. तिनं लगेच दुसऱ्या आलेल्या कॅनडाच्या पॅट्रिक चॅनचा व्हिडिओ लावला. तो अडखळला, एकदा हात टेकला, पण आडवा झाला नाही. बायको म्हणते, वशिला. आई म्हणते, पोरगा दिसायला गोड आहे म्हणून दिलं असेल.

कोणी जाणकार आहे का इथं?

पार्कातला बॉलर
जाणकार कशाला पाहिजे? ज्यात धावा नाहीत, गोल नाहीत, सेकंद नाहीत तो खेळच नाही, नाच हाय. चमकीचे कपडे घालून बर्फावर फिरायचं आन् चार जणांनी बसून मार्क द्यायचे. आमच्याकडं पार्क स्टेडियमवर दांडी उडाली की उडाली. ती किती सुंदर उडाली, ह्याचे मार्क कोण देत नाही बे.

निवृत्त मास्तरीण
बॉलर, एलबीडब्ल्यू कोण देतं? :)

जुळेसोलापूरकर, तुमच्या लेकीचं निरीक्षण चोख आहे, फक्त तिनं अर्धीच स्पर्धा पाहिली. ही स्पर्धा दोन भागांत होते, आधी छोटा कार्यक्रम आणि दुसऱ्या दिवशी मोठा. दोन्हींची बेरीज धरतात. छोट्या कार्यक्रमात हान्यूला १०१.४५ मिळाले होते. ऑलिम्पिकमध्ये तिथं शंभरी गाठणारा तो पहिलाच. चॅनला ९७.५२. म्हणजे चार गुणांची शिदोरी बांधूनच तो दुसऱ्या दिवशी बर्फावर उतरला. मोठ्या कार्यक्रमात दोघं जवळजवळ बरोबरीत सुटले, हान्यू १७८.६४ आणि चॅन १७८.१०.

आता पडूनही बरोबरी कशी? प्रत्येक उडीचा भाव आधीच ठरलेला असतो, बाजार समितीतल्या कांद्यासारखा. हान्यू सुरुवातीला पडला ती साल्कोव्ह नावाची उडी, हवेत चार फेऱ्यांची. तिचा त्या वर्षीचा भाव होता १०.५. उतरणं बिघडलं म्हणून दर्जाचे ३ कापले, वर पडल्याचा दंड १. तरी हाती ६.५ राहिले. हीच उडी तीन फेऱ्यांची मारली असती तर मूळ भाव ४.२, आणि कितीही देखणी मारली तरी बक्षिशी धरून सहाच्या थोडं वर. म्हणजे चार फेऱ्या पूर्ण करून आपटलेला माणूस तीन फेऱ्या मारून ताठ उभा राहिलेल्याच्या पुढं जायचा!

पण लेकीला हेही सांगा की तिला जे खटकलं तेच पुढं या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेलाही खटकलं. २०१८ मध्ये कोष्टक बदललं. आता त्याच चार फेऱ्यांच्या उडीचा भाव ९.७. पडलात तर निम्मा भाव गेला, वर दंडाचा १. उरतात ३.८५. तीन फेऱ्यांच्या उडीचा भाव ४.३. आता पडणं खरोखर महाग पडतं.

वशिल्याची गोष्टही आहे, आणि चांगली रंगतदार आहे. पण त्यासाठी मागं जावं लागेल. उद्या लिहिते, पापडाचं पीठ भिजवलंय.

बर्फाची लादी
वडील बर्फाच्या कारखान्यात होते, त्यामुळं धाग्याचं नाव बघून आत आलो. खेळातलं मला काही कळत नाही. बर्फातलं विचारा.

आमच्याकडं मोठ्या हौदात मिठाचं पाणी असायचं. अमोनियाच्या यंत्रानं ते शून्याच्या पार खाली नेलेलं, पण मिठामुळं ते स्वतः गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याचे पत्र्याचे साचे सोडायचे. उचलताना साचा जरा साध्या पाण्यात बुडवला की लादी सुळकन बाहेर. मग भुसा, गोणपाट, हातगाडी. लस्सीवाले, सोडावाले, लग्नाचे हॉलवाले सकाळपासून दारात. लहानपणी मे महिन्यात आम्ही दोघं भाऊ त्या लाद्यांवर अनवाणी उभं राहायची पैज लावायचो.

तर स्केटिंगची रिंक म्हणजे आमचाच हौद उलटा घातलेला. जमिनीखाली नळ्यांचं जाळं, त्यातून ते थंडगार खारं पाणी फिरवायचं, वर साधं पाणी शिंपडत शिंपडत थर जमवायचा. लंडनला १८७६ सालीच अशी यंत्राची रिंक झाली होती. आन् एक गंमत. घासलेला बर्फ परत गुळगुळीत करायला त्यावर गरम पाणी पसरवतात. गरम पाणी वरचा थर जरासा वितळवून खालच्याशी नीट सांधतं. थंड ओतलं तर नुसता पापुद्रा बसतो. हे वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय?"

बाळीवेस ते मिनियापोलिस
लादीभाऊ, लई भारी! इथं मुलांना घेऊन रिंकवर जातो, पण ही हौदाची उपमा सुचली नव्हती.

एक भर घालतो. हॉकीवाल्यांना कडक बर्फ लागतो आणि फिगर स्केटिंगवाल्यांना जरा मऊ, शून्याखाली तीन-चार अंश. पातं त्यात थोडं रुतलं पाहिजे. पातं सुरीसारखं एका धारेचं नसतं. जेमतेम चार मिलिमीटर रुंद, मधून पन्हाळीसारखं खोलगट, त्यामुळं आतली एक आणि बाहेरची एक अशा दोन कडा. सगळा खेळ त्या कडांचा. मी पहिल्या दिवशी कठडा धरून चाळीस मिनिटं उभा होतो. शेजारून चार वर्षांची पोरगी उलटी घसरत गेली आणि "एक्स्क्यूज मी" म्हणाली. सोलापूरची अब्रू गेली.

निवृत्त मास्तरीण
पापड झाले. आता ऐका.

या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १८९२ साली नेदरलँड्समध्ये स्थापन झाली. पहिली जागतिक स्पर्धा १८९६ ची, सेंट पीटर्सबर्गला. १९०२ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स नावाच्या बाईंनी नाव नोंदवलं. नियमात 'फक्त पुरुष' असं कुठं लिहिलेलंच नव्हतं. एखादी बाई असलं काही करेल हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीच नव्हतं. बाई आल्या आणि थेट दुसऱ्या! पहिला आला स्वीडनचा उलरिख साल्कोव्ह. हो, तुमच्या लेकीनं पाहिली ती उडी याच्याच नावाची. लगेच पुढच्या वर्षी संघटनेनं बायकांना बंदी घातली. दिलेल्या कारणांपैकी एक असं की लांब झग्यामुळं परीक्षकांना पावलं दिसत नाहीत. (नऊवारीत उतरल्या असत्या तर हा प्रश्नच नव्हता.) १९०६ पासून बायकांची वेगळी स्पर्धा सुरू झाली.

मग १९०८ चं लंडन ऑलिम्पिक. लक्षात घ्या, हे उन्हाळी ऑलिम्पिक. स्केटिंग झालं ऑक्टोबरमध्ये, बंद हॉलमध्ये, लादीभाऊंनी सांगितलं तसल्याच यंत्राच्या बर्फावर. पुरुषांत साल्कोव्ह, बायकांत सायर्सबाई. आणखी एक प्रकार होता, फक्त त्याच वर्षी झालेला. पात्यानं बर्फावर अवघड नक्षी काढायची. तो रशियाच्या निकोलाय पानिननं जिंकला. रशियाचं ते पहिलंवहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. पानिन हे टोपणनाव बरं का. खरं आडनाव कोलोमेंकिन. आपल्यासारखाच आयडी घेऊन उतरलेला.

१९२० ला अँटवर्पच्या उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये पुन्हा स्केटिंग होतं. पहिलं हिवाळी ऑलिम्पिक १९२४ चं, फ्रान्समधल्या शामोनीचं. म्हणजे हा खेळ ज्या घरात नांदतो त्या घरापेक्षा सोळा वर्षांनी थोरला.

शामोनीला नॉर्वेची सोन्या हेनी नावाची अकरा वर्षांची मुलगी होती. आठ जणींत आठवी. मध्येच कठड्याशी येऊन "आता पुढं काय करू?" असं शिक्षकाला विचारायची, असं सांगतात. त्याच मुलीनं १९२८, १९३२ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन सुवर्णं घेतली आणि वर दहा जागतिक विजेतेपदं. मग हॉलिवूडला गेली. तुमच्या लेकीला ही गोष्ट आधी सांगा, हान्यूची नंतर.

पार्कातला बॉलर
मॅडम, एलबीडब्ल्यू मान्य. पण तिथं पाय लागला की नाही एवढाच प्रश्न असतोय. पाय किती डौलात लागला हे नाही.

निवृत्त मास्तरीण
बॉलर, तुमचाच मुद्दा त्या लोकांनी कित्येक वर्षं चालवला. त्याला 'अनिवार्य आकृत्या' म्हणायचे. 'फिगर' हा शब्दच तिथून आला. कोऱ्या बर्फावर एका पायावर इंग्रजी आठ काढायचा. मग त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. नंतर परीक्षक वाकून, कधी चक्क गुडघ्यावर बसून बघायचे. तिन्ही रेघा एकावर एक आहेत का, वळणावर कड बदलली का, आठाची दोन्ही पोटं सारखी आहेत का. १९६८ पर्यंत एकूण गुणांतले साठ टक्के या रेघांना होते. डौल नाही, संगीत नाही, सगळं मोजून-मापून.

आणि झालं काय? १९७२ चं साप्पोरो. ऑस्ट्रियाची त्रिक्सी शूबा. आकृत्यांत तिच्या जवळ कुणी फिरकू शकत नव्हतं. खुल्या स्केटिंगमध्ये, म्हणजे संगीतावर उड्या-गिरक्या मारायच्या त्या भागात, ती सातवी आली, आणि सुवर्ण तिलाच, कारण आकृत्यांची आघाडी फुटणं शक्य नव्हतं. त्याच स्पर्धेत अमेरिकेची जेनेट लिन खुल्या भागात बैठी गिरकी घेताना पडली, उठली ती हसतच. जपानी लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. तिला कांस्य. टीव्हीवर लोकांना फक्त खुला भाग दिसायचा, पहाटेच्या आकृत्या कोण दाखवणार! जग म्हणालं, ही सातवी आलेली बाई पहिली कशी? नेमका तुमच्या लेकीचा सवाल, फक्त उलट्या बाजूनं.

पुढच्याच वर्षी छोटा कार्यक्रम आणून आकृत्यांचं वजन कमी केलं, आणि १९९० नंतर आकृत्या स्पर्धेतून गेल्याच.

जुळेसोलापूरकर
मास्तरीणबाई, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती रोज दारात बिनठिपक्यांची रांगोळी काढते, एका बोटाच्या रेघेत सगळी वेल. ती म्हणाली, "एकदा काढणं सोपं. त्याच रेघेवरून तिसऱ्यांदा जायचं म्हणजे हात मोजून पाहिजे. त्या शूबाबाईला दिलं ते बरोबर दिलं." घरात आता दोन पक्ष पडलेत.

डाव्या हाताची लेझीम
परीक्षकांच्या बाजूनं कोणी बोलेना म्हणून लिहितो. बारा-तेरा वर्षं गणपतीत लेझीम पथकांचे गुण देतोय. कोणत्या मंडळाच्या स्पर्धेत ते विचारू नका, अजून त्याच गल्लीतून जावं लागतं.

पहिलं पथक आलं की हात आखडतोच. दहात नऊ दिले आणि मागून याहून भारी पथक आलं तर? मग साताला सुरुवात. अकरावं पथक येईपर्यंत आपण मोकळे झालेलो असतो. अन्याय असतो, पण मुद्दाम केलेला नसतो. दुसरं म्हणजे नाव. ज्या पथकानं गेली चार वर्षं ढाल नेली ते नुसतं उभं राहिलं तरी आठ दिल्यासारखे वाटतात. आणि तिसरं, शेजारी बसलेल्या परीक्षकाच्या कागदावर डोळा जातोच.

तुमच्या स्केटिंगमध्येही हेच होत असणार, पैजेवर सांगतो.

निवृत्त मास्तरीण
लेझीमदादा, पैज जिंकलात. जुन्या पद्धतीत सहापैकी गुण असत, एक आकडा कसबाचा आणि एक सादरीकरणाचा. ६.० म्हणजे याहून चांगलं असूच शकत नाही. त्यामुळं सुरुवातीला उतरणाऱ्याचे गुण परीक्षक राखूनच द्यायचे. नाव काढलेल्यांना झुकतं माप मिळतं अशी ओरडही कायमची. शिवाय शेवटी मोजायचे ते गुण नसत, तर प्रत्येक परीक्षकानं कुणाला कितवा क्रमांक दिला ते. १९९४ ला लिलेहामरला युक्रेनची ओक्साना बाइउल आणि अमेरिकेची नॅन्सी केरिगन यांचा निकाल नऊ परीक्षकांत पाच विरुद्ध चार असा बाइउलच्या बाजूनं लागला. एका माणसाचं मन आणि सुवर्ण!

याच पद्धतीनं दिलेला सगळ्यात सुंदर निकालही सांगते. १९८४, साराएवो. ब्रिटनचे जेन टॉरविल आणि क्रिस्टोफर डीन, रावेलच्या 'बोलेरो'वर. नियमानुसार वेळ चार मिनिटं दहा सेकंद, आणि त्यांचं कापून कापूनही संगीत बसलं चार मिनिटं अठ्ठावीसला. नियम वाचताना त्यांच्या ध्यानात आलं की घड्याळ सुरू होतं ते पातं बर्फाला लागून सरकल्यावर. म्हणून दोघांनी सुरुवात गुडघ्यांवर बसून केली. अठरा सेकंद नुसतं डोलणं, पातं अधांतरी. सादरीकरणाला नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० दिले. नियमातल्या फटीतून इतकं देखणं काही बाहेर आलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

पार्कातला बॉलर
हे आवडलं. वेळ मारून नेणं ह्यालाच म्हणत्यात.

पण वशिल्याचं काय? मॅडम, तुम्ही कबूल केलंय.

निवृत्त मास्तरीण
विसरले नाही. २००२, सॉल्ट लेक सिटी, जोडी स्केटिंग. आधी हे सांगते की या प्रकारात १९६४ पासून सोव्हिएत, मग सोव्हिएत फुटल्यावरचा एकत्रित संघ, मग रशिया, असं दर ऑलिम्पिकला त्यांचंच सुवर्ण चाललं होतं. इरिना रोदनिना एकटीची तीन सुवर्णं, १९७२, ७६ आणि ८०. सॉल्ट लेकला रशियाच्या जोडीत सिखारुलिद्झे एका उडीवर उतरताना अडखळला. कॅनडाचे साले आणि पेलेतिये बिनचूक. प्रेक्षक उठून ओरडायला लागले, आणि निकाल पाच-चारनं रशियाकडं!

दुसऱ्या दिवसापासून बोभाटा झाला. पाचातली एक परीक्षक फ्रेंच बाई. तिनं आपल्यावर आपल्याच संघटनेचा दबाव होता असं सांगितलं. तुम्ही जोडीत रशियाला द्या, ते बर्फावरच्या नृत्याच्या प्रकारात फ्रान्सला देतील, असा सौदा असल्याचं पुढं आलं. नंतर तिनं बोलणं फिरवलं. तिला आणि फ्रेंच संघटनेच्या अध्यक्षाला तीन वर्षांची बंदी झाली. कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण देण्यात आलं आणि रशियाचं काढून घेतलं नाही. एका स्पर्धेची दोन सुवर्णपदकं. म्हणजे गावच्या कुस्तीत दंगल नको म्हणून दोघांनाही फेटा बांधतात तसं.

त्यानंतर शंभर वर्षांची ६.० ची पाटी उतरवली गेली. २००६ च्या तुरिनपासून ऑलिम्पिकमध्ये आजची पद्धत. एक तांत्रिक मंडळ फक्त उडी कोणती, फेऱ्या पूर्ण झाल्या का, कड बरोबर होती का, एवढंच बघतं. परीक्षक प्रत्येक घटकाचा दर्जा ठरवतात. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा गाळून सरासरी काढतात.

डाव्या हाताची लेझीम
वरचा-खालचा गाळायची आयडिया यंदा मंडळात मांडणार. मारतील, पण मांडणार.

बाळीवेस ते मिनियापोलिस
या 'कड बरोबर होती का' वर दोन शब्द. लुट्झ नावाची उडी आहे. तीत ज्या बाजूला वळत येतो त्याच्या बरोबर उलट बाजूला फिरायचं असतं, बाहेरच्या कडेवरून. शरीर आपोआप चोरी करतं आणि शेवटच्या क्षणी आतल्या कडेवर कलतं. मग ती लुट्झ राहत नाही, सोप्या फ्लिप उडीसारखी होते. साध्या डोळ्यांना कळतच नाही. आता कॅमेरा थांबवून, मागंपुढं करून बघतात. बॉलरदादा, हा तुमचा थर्ड अंपायर झाला की नाही?

पार्कातला बॉलर
बरं बाबा. नाच वजा थर्ड अंपायर.

काल रात्री बसून मी पण व्हिडिओ बघितले, बायकोला सांगू नका. सूर्या बोनाली नावाची फ्रान्सची बाई. १९९८ नागानो. उलटी कोलांटी मारली आन् एका पायावर उतरली! एका पातीवर! आन् तिचे गुण कापले?? ही कसली पद्धत बे?

निवृत्त मास्तरीण
कोलांटीला बंदी होती, १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या टेरी कुबिकानं मारल्यानंतर लवकरच घातलेली. बोनालीला हे पक्कं ठाऊक होतं. दुखापतीतून आली होती, पदक मिळणार नाही हेही दिसत होतं. तिनं परीक्षकांकडं पाठ करून, लोकांसाठी मारली. दहावी आली. आता २०२४ पासून कोलांटी कायदेशीर आहे. सव्वीस वर्षं उशीर.

माझं मत विचाराल तर नव्या पद्धतीनं चोरी कमी झाली, पण कार्यक्रम हिशेबाच्या वहीसारखे झाले. उत्तरार्धातल्या उड्यांना दमलेल्या अंगानं मारल्याबद्दल दहा टक्के जास्त मिळायचे. तर २०१८ ला प्याँगचांगला पंधरा वर्षांच्या अलिना झागितोवानं सगळ्याच उड्या उत्तरार्धात ठेवल्या. पूर्वार्धात नुसते हातवारे. सुवर्ण मिळालं आणि लगेच नियम बदलला, आता मोठ्या कार्यक्रमात शेवटच्या तीनच उड्यांना बक्षीस. हे असंच चालतं. पोरं फट शोधतात, म्हातारे ती बुजवतात.

उड्यांचंही थोडं सांगते. अमेरिकेच्या डिक बटननं १९५२ च्या ऑस्लोला पहिल्यांदा तीन फेऱ्यांची उडी मारली. चार फेऱ्यांची मान्य झालेली पहिली उडी १९८८ ची, कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगची. एक फेरी वाढायला छत्तीस वर्षं. आणि साडेचार फेऱ्यांची ॲक्सल २०२२ च्या सप्टेंबरात सतरा वर्षांच्या इलिया मालिनिननं मारली. पुढच्या अर्ध्या फेरीला चौतीस वर्षं. ॲक्सल ही एकच उडी पुढं तोंड करून सुरू होते आणि सगळ्यांसारखीच उलटं उतरते, म्हणून ती अर्धी फेरी जास्तीची. वर्गात मी फिरत्या स्टुलावर पोराला बसवून दोन्ही हातांत विटा द्यायची. हात पसरले की वेग कमी, पोटाशी घेतले की भिंगरी. एक पोरगा उलटून पडला आणि मुख्याध्यापकांनी स्टूल जप्त केलं.

जुळेसोलापूरकर
बायको विचारते की पंधराव्या वर्षी सुवर्ण म्हणजे ती मुलगी शाळेत कधी गेली? आमचीचा गुडघा आत्ताच दोनदा सोललाय.

निवृत्त मास्तरीण
वहिनींचा प्रश्न या सगळ्या धाग्यात सर्वांत महत्त्वाचा आहे. अंग हलकं, कंबर अरुंद असेतोवर हवेत फिरणं सोपं जातं. त्यामुळं मुलींमध्ये वय खाली खाली सरकत गेलं. १९९८ ची विजेती तारा लिपिन्स्की पंधराची. २०१४ ला सांघिक सुवर्णात असलेली युलिया लिपनित्स्काया पंधराची. आणि २०२२ बीजिंगची कमिला वालियेवा, तीही पंधराची. ऐन स्पर्धेत कळलं की आधीच्या डिसेंबरातल्या तिच्या चाचणीत ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकाराचं औषध सापडलंय. तरी तिला खेळू दिलं. मोठ्या कार्यक्रमात ती पडत राहिली, पडत राहिली. चौथी आली. मी टीव्ही बंद केला होता. क्रीडा लवादानं तिला दोषी धरून चार वर्षांची बंदी घातली ती जानेवारी २०२४ मध्ये, आणि सांघिक सुवर्ण अमेरिकेकडं गेलं. ते त्यांच्या हातात पडलं पॅरिसच्या उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्टच्या उन्हात.

बीजिंगनंतर लगेच संघटनेनं वरिष्ठ गटाचं किमान वय टप्प्याटप्प्यानं सतरावर नेलं. मोठ्या माणसांना हे आधी सुचायला हवं होतं.

बर्फाची लादी
मॅडम, शेवटचं वाचून गप्पच झालो.

जुने लोक उघड्यावर खेळायचे म्हणे? ऊन पडल्यावर काय करायचे?

निवृत्त मास्तरीण
१९५६ च्या कोर्तिनापर्यंत हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उघड्यावर व्हायचं, १९३२ सारखा एखादा अपवाद सोडून. १९२८ ला सेंट मॉरिट्झला गरम वारं सुटलं आणि बर्फ इतका वितळला की वेगाच्या स्केटिंगची दहा हजार मीटरची शर्यत मध्येच सोडून द्यावी लागली. आपल्याकडं शिमल्याला अजून उघडी नैसर्गिक रिंक आहे, १९२० सालापासूनची. डेहराडूनलाही २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधली. पण ऑलिम्पिकला भारताचा फिगर स्केटर अजून कुणी उतरलेला नाही.

चाकांवर मात्र आपण मागं नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कलात्मक रोलर स्केटिंगमध्ये हैदराबादच्या अनुप कुमार यामानं दोन कांस्यपदकं घेतली, एक एकट्यानं आणि एक अवनी पांचालबरोबर जोडीत. त्यात उड्या त्याच, नावंही तीच, ॲक्सल आणि लुट्झ. तारा लिपिन्स्की बर्फावर यायच्या आधी चाकांवरच होती.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे आभार. आता आजचा वृत्तान्त.

लेकीनं संध्याकाळी गच्चीवर बादली नेली, स्केटची चाकं पाण्यात बुडवली आणि आठ काढायला सुरुवात केली. ओल्या चाकांची रेघ फरशीवर उठते. आजी खुर्ची टाकून परीक्षक. पहिला आठ बरा आला. दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून जाऊ लागली तर अर्ध्यात पोचेपर्यंत पहिला वाळून गेलेला! साडेसहा वाजले होते तरी फरशी चटका देत होती. आजी म्हणाली, "रेघच नाही तर मार्क कशाला देऊ?" लेक म्हणाली, "फेऱ्या पूर्ण केल्या ना, मग अर्धे तरी दे." शेवटी बादलीभर पाणी ओतून अख्खी गच्चीच थंड केली. खालचे काका वर आले, त्यांच्या पापडांवर पाणी गळलं म्हणून.

एक तांत्रिक शंका राहिली. तिचे स्केट एका ओळीत चाकं असलेले आहेत. हे आठ, गिरक्या वगैरे करायला दोन-दोन चाकांचे, पुढं रबरी ठोकळा असलेले घ्यावे लागतील का? आणि आपल्याकडं मिळतील की पुण्याला जावं लागेल?

बाळीवेस ते मिनियापोलिस
दोन-दोन चाकांचेच घ्या. पण बूट घोट्यावर घट्ट बसतो का ते आधी बघा. एक नंबर मोठा, पुढच्या वर्षीही चालेल, असलं आपलं सोलापुरी गणित इथं करू नका.

पार्कातला बॉलर
आन् पापडाचे पैसे द्या काकांना.